पिंपरीच्या माळावरची भरती

वामन धोंडू मयेकर. माझ्या पदवीच्या कागदावर माझं नाव आहे, वडिलांचं आहे, विद्यापीठाचा शिक्का आहे. हे नाव तिथं नाही. माझ्या हाती असतं तर मी ते सगळ्यांत वर घातलं असतं.

मयेकरकाका शिक्षक नव्हते. पिंपरीच्या माळावर तेव्हा नुकत्याच उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात ते पाण्याच्या खात्यात काम करत. पवना नदीचं पाणी जड. ते तसंच बॉयलरमध्ये घातलं तर नळ्यांना आतून चुना धरतो. म्हणून ते आधी एका मोठ्या टाकीतल्या, चुना धरून ठेवणाऱ्या दाण्यांमधून सोडून हलकं करायचं, आणि दाणे थकले की मिठाच्या पाण्यानं धुऊन काढायचे. त्या टाकीला आम्ही सॉफ्टनर म्हणायचो. धुतलेलं खारट पाणी भिंतीबाहेरच्या एका खड्ड्यात जायचं. त्या खड्ड्याभोवती गवताची काडी उगवत नसे.

मी त्या खात्यात आलो तो नापास होऊन. माझं गाव करमाळा. वडील शिंपी. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मी पुण्यात वार लावून जेवलो, बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं आणि शेवटच्या परीक्षेत आपटलो. थोरल्या भावाचं पत्र आलं की आणखी एकदा बसून बघ. पुन्हा नापास झालास तर पुस्तकं तिथंच कुणाला तरी दे आणि घरी येऊन मशीनवर बस. आधी पैसे साठवून दोन वर्षांनी परीक्षेला बसायचं मी ठरवलं. तेवढ्यासाठी मी ही नोकरी धरली आणि चिंचवड गावात खोली शोधली. खोलीत आधीपासून मयेकरकाका होते.

ते तेव्हा पन्नाशीचे असतील. अंगानं सडपातळ, रंग काळा. पाय मात्र रुंद, बोटं फाकलेली, चिखलात रुतू नयेत अशी. मालवणपलीकडच्या एका खाडीकाठच्या गावाहून आलेले. बायको आणि मुलगा गावी. शाळा चौथीपर्यंत. बोलणं मालवणी, त्यात आमच्या देशावरचे शब्द हळूहळू मिसळत चाललेले.

त्यांची जीभ हा आमच्या खात्यातला चमत्कार होता. पाणी किती जड आहे हे बघायला मी बाटलीत साबणाच्या द्रवाचे थेंब टाकायचो, बाटली हलवायचो आणि फेस टिकेपर्यंत थेंब मोजायचो. काका पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचे आणि म्हणायचे, "दाणे दमले. धुवक होये." माझे थेंब मोजून व्हायचे तेव्हा तेच निघायचं. आमच्या साहेबांना हे खरं वाटेना. त्यांनी एक दिवस टेबलावर चार पेले मांडले आणि काकांना चढत्या जडपणानं लावायला सांगितलं. काकांनी तीन लावले आणि चौथा हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, हे आपल्या टाकीतलं नाही, नदीचंही नाही. हे ज्ञानोबाच्या विहिरीचं.

ज्ञानोबा आमच्याच पाळीतला. पुनावळ्याचा शेतकरी, सायकलवरून कामाला यायचा. साहेबांनी गंमत म्हणून त्याच्या बाटलीतलं घरून आणलेलं पाणी ओतलं होतं. काकांनी ते एकदाच, आखाडात त्याच्याकडं जेवायला गेलो होतो तेव्हा प्यायलं होतं. ज्ञानोबा कपाळावर हात मारून म्हणाला, "आता ह्यांच्याफुडं दुधात पानी घालायची सोय न्हाई राव."

एका दुपारी मी काकांना माझ्या नापासाची गोष्ट सांगितली. प्रात्यक्षिकाच्या टेबलावर एक बरणी होती. तिच्यात चिखलातून सरळ वर आलेलं, पेन्सिलीएवढं काहीतरी. मी कोंब म्हणून लिहिलं. परीक्षक म्हणाले, कोंब असेल तर पानं कुठं येणार ते दाखव. तिथून मी चुकत गेलो ते शेवटच्या प्रश्नापर्यंत. ते मूळ होतं, जमिनीतून वर येणारं, हे मला नंतर कळलं. मी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता.

काका हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "बरणीत ठेवला होता? तिवराचा नाक बरणीत?"

मग त्यांनी मला तिवर सांगितला. खाडीच्या चिखलात हवा नसते. मूळ खाली गेलं तर गुदमरून मरेल. म्हणून तिवर आपली मुळं उलटी वर पाठवतो. ओहोटी लागली की चिखलभर ती नाकं उभी राहतात आणि झाड श्वास घेतं. भरती आली की सहा तास दम धरतं. कांदळाचं आणखी वेगळं. तो चिखलात उभाच राहत नाही, फांद्यांमधून कमानीसारखी मुळं खाली सोडतो आणि त्यांच्यावर उभा राहतो, लाटांनी ढकललं तरी हलत नाही. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं. हातभर लांब हिरवी शेंग लोंबते ती शेंग नसते, रोपटंच असतं. आई त्याला तयार करून मगच सोडते. ते चिखलात पडलं तर तिथंच उभं राहतं. पाण्यात पडलं तर आडवं तरंगत जातं, महिना महिना, आणि मुळाचं टोक जड झालं की पाण्यात आपोआप उभं होतं, जमीन शोधत. तिवर खारट पाणी पितो आणि मीठ पानातून बाहेर टाकतो. कांदळ ते मुळापाशीच गाळतो.

हे सगळं माझ्या पुस्तकात होतं, इंग्रजीत. मी ते पाठ केलं होतं आणि त्यातलं काहीही मला दिसलं नव्हतं. काकांच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं की झाड म्हणजे कुणीतरी आहे आणि ते विचार करून जगतं आहे. काका म्हणाले, "तुका दाखवतंय."

मे महिन्यात ते गावी गेले आणि पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या आगबोटीनं मुंबईला उतरून, तिथून रेल्वेनं चिंचवडला आले. खांद्यावर ओल्या गोणपाटाची गुंडाळी. आत तीन हिरव्या शेंगा आणि मूठभर तिवराचं बी. ज्ञानोबानं शेंगा उचलून पाहिल्या. "ही तर शेवग्याची. मास्तर, आमटी करायची का?" (शिकतो म्हणून मला तो मास्तरच म्हणायचा.) काका म्हणाले, कांदळ. ज्ञानोबाला कांदा ऐकू आलं. "आमचा मेव्हणा चाकणच्या बाजारात कांदा इकतोय, पर आसला लांबट कांदा म्या न्हाई बघितला बाबा." पुढचं वर्षभर खात्यात त्या झाडांचं नाव "मयेकरांचा कांदा" असंच राहिलं.

पण पवनेकाठचा काळा गाळ गोणीत भरून सायकलवर आणला तो ज्ञानोबानंच. तेलाचा एक मोठा पिंप आडवा कापून त्यात तो भरला, आणि तो पिंप खाऱ्या खड्ड्याच्या कडेला, जिथं काहीच उगवत नव्हतं तिथं ठेवला. दोन कांदळ लागले. एक तिवर लागला.

आणि मग मयेकरकाकांनी पिंपरीच्या माळावर भरती सुरू केली.

पिंपाच्या बुडाला भोक होतं, त्याला लाकडी बूच. दिवसातून दोनदा पिंप काठोकाठ भरायचा, दोनदा बूच काढून रिकामा करायचा. वेळ मनाला येईल ती नाही. ती तिथीवरून. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. काकांच्या खिशात पंचांगाचं फाडलेलं पान असे. कारखान्याचा भोंगा ठरल्या वेळी वाजायचा आणि सगळे त्यावर चालायचे; हा एकच माणूस दुसऱ्या घड्याळावरही चालायचा. बोलता बोलता मान वर करून म्हणायचे, "आमच्याकडे पाणी भरला आता." बाहेर माळावर धूळ उडत असायची आणि मला खरोखर कुठंतरी पाणी चढताना दिसायचं.

पिंपात ते गोडं पाणी घालत. आठवड्यातून एकदा मात्र लोटाभर खारं. थंडीत झाडांना गोणपाट पांघरत. माघात तिवराची पानं उलटी करून मला म्हणाले, जीभ लाव. मी लावली. मीठ होतं. बारीक, पांढरं, चमकणारं. पुस्तकातलं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं.

एवढं प्रेम या झाडांवर का, हे मी एकदाच विचारलं. ते म्हणाले, गावी त्यांचं भाताचं खाजण होतं, खाडीच्या बांधाआड. बांधाबाहेर कांदळाची दाट रांग होती. सरपण जवळ होतं म्हणून वडिलांनी आणि त्यांनी मिळून ती दोन वर्षांत तोडून जाळली. तिसऱ्या पावसाळ्यात उधाणानं बांध फोडला. खाजणात समुद्र आला आणि गेला नाही. "कोणी केल्यान नाय. आम्हीच केला," एवढं म्हणून ते बूच काढायला उठले. त्या खाजणामुळेच ते इथं माळावर होते.

माझं तेव्हा काय चाललं होतं तेही सांगायला हवं, कारण गोष्ट तिथंच येते. मला माझ्या हालांचा अभिमान होता. वार लावून जेवलो, एका सदऱ्यावर वर्ष काढलं, हे मी कुणालाही सांगायचो. हालांतून विद्या येते असं मला मनापासून वाटे, म्हणून हाल कमी झाले की भीती वाटे. खोलीत गादी असून फरशीवर झोपायचो. एक वेळ जेवायचो. ओव्हरटाइम मागून घ्यायचो. काकांनी दोनदा सांगितलं की तुझी रात्रपाळी मी करतो, तू अभ्यास कर. मी म्हणालो, उपकार नकोत. फेब्रुवारीत मला पुस्तकाची अक्षरं हलताना दिसायला लागली होती. परीक्षा एप्रिलात होती.

शिमग्याला काका पंधरा दिवस गावी गेले. जाताना पिंप माझ्या हवाली केला. रोज गोडं, आठवड्यानं लोटाभर खारं, भरती तिथीवर. मी मान हलवली. पण ते गेल्यावर मी पुस्तक उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ही झाडं खाऱ्या पाण्यात वाढतात. मला वाटलं, काका मायेनं झाडांना लाडावतायत. काटक झाडं आहेत, त्यांना त्यांचं खरं पाणी मिळालं पाहिजे. मी मिठाच्या टाकीतून रोज दोन लोटे खारं घालायला लागलो. गोडं बंद. बूचही काढेना, मीठ वाहून जाऊ नये म्हणून. फाल्गुनातलं ऊन होतं. पाणी उडून जायचं, मीठ राहायचं.

आठव्या दिवशी कांदळाची पानं पिवळी पडली. ज्ञानोबा म्हणाला, "मास्तर, तुमच्या कांद्याला मर लागली. गोडं पानी द्या की वाईच." मी त्याला पुस्तकातलं वाक्य मराठीत करून ऐकवलं. तो "आसंल बुवा, आमी काय शिकल्यालं न्हाई," म्हणून गेला. मी चार लोटे केले.

काका आले ते स्टेशनावरून सरळ पिंपापाशी. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. दोन्ही कांदळांच्या काठ्या उभ्या होत्या. तिवराला शेंड्याला चार पानं उरली होती, मिठानं पांढरी झालेली. त्यांनी गाळात बोट घातलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"किती घातलंस?"

मी सांगितलं. पुस्तकात आहे, असंही म्हणालो. ते म्हणाले, वाचून दाखव. मी खोलीवरून पुस्तक आणलं आणि ते वाक्य वाचलं. त्यांनी देवळात ऐकावं तसं ऐकलं.

"पुस्तक खोटा नाय. तू अर्धा वाचलंस."

मी पान उलटलं. पलीकडं लिहिलं होतं की यांतली बरीच झाडं गोड्या पाण्यातही चांगली वाढतात. मी ते पान दोन वर्षांपूर्वी पाठ केलेलं होतं.

काकांनी बूच काढलं. खारं पाणी खड्ड्यात गेलं. मग बादलीनं गोडं पाणी ओतायला लागले, एकामागून एक, आणि मधेच न थांबता, माझ्याकडं न बघता बोलले.

"ह्या झाडाक खार आवडता असा तुका कोणी सांगल्यान? आवडत नाय रे. सोसता. खारात जगता, खारावर नाय. गोडा मिळाला तर गोडाच पिता." आणखी एक बादली. "तू पण तसाच करतंस. तुका वाटता, हाल काढलंस म्हणून शिकलंस. हालांनी कोण शिकत नाय, मेल्या. हाल असून शिकता."

मी मेलेल्या काठीकडं बघत राहिलो. काकांनी तिला थंडीभर पांघरूण घातलं होतं. शेवटी काका म्हणाले, "उद्यापासून रात्रपाळी माझी." या वेळी मला नको म्हणता आलं नाही. ज्ञानोबा मागं उभा होता. तो म्हणाला, रविवारची पाळी त्याची. आणि दुपारची भाकरी पुनावळ्याहून दोघांची येईल, मास्तर एकटे खाणार नाहीत.

ते पाच आठवडे मी झोपलो, जेवलो आणि वाचलं. गादीवर झोपलो. पहिले दोन दिवस चोरी केल्यासारखं वाटलं. मग अक्षरं हलायची थांबली.

प्रात्यक्षिकाला तिवर आला नाही. कांदळही नाही. माझ्या टेबलावर निवडुंग होता आणि एक नेचा. जूनमध्ये निकाल लागला. मी उत्तीर्ण झालो, दुसऱ्या वर्गात. काकांना सांगायला धावत गेलो आणि म्हणालो, तुमचं झाड परीक्षेला आलंच नाही. ते बूच बसवत होते.

"त्यानं कशाक येवक होया?" ते म्हणाले. "तू इलंस ना."

तिवर वाचला. त्याला नवी पानं फुटली, पण पुढची दोन वर्षं मी तो जाता-येताच पाहिला, कारण मला चाकणच्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली होती. मग एक दिवस ज्ञानोबाचा निरोप आला की खारा खड्डा बुजवून तिथं नवी शेड बांधणार आहेत आणि मयेकर गावी परत निघालेत, कायमचे. त्यांचा मुलगा खाजणाचा बांध नव्यानं घालतो आहे.

मी सायकलनं चिंचवड स्टेशन गाठलं. फलाटावर काका उभे होते, तसेच रुंद पाय रोवून. शेजारी ज्ञानोबानं बैलगाडीतून उतरवलेला रॉकेलचा डबा, त्यात मुळांच्या गाळासकट तिवर, छातीएवढा. त्यांनी मला वाकून गाळ दाखवला. पेन्सिलीएवढी दोन नाकं वर आली होती. पिंपरीच्या माळावर, समुद्रापासून एवढ्या लांब, एका पिंपातल्या खोट्या भरतीला खरी मानून त्या झाडानं श्वास घ्यायची तयारी केली होती. ज्ञानोबा म्हणाला, "मास्तर, बरनी आनली न्हाई व्हय?" आणि आम्ही तिघंही हसलो.

गाडी आली. काकांनी डबा कडेवर घेतला, मुलाला घ्यावं तसा. खिडकीत बसल्यावर त्यांनी पंचांगाचं पान काढून बघितलं, ओठ हलवून हिशेब केला आणि मला मोठ्यानं सांगितलं, "भरतीक पोचतलंय." गाडी हलली. खिडकीबाहेर तिवराचा शेंडा बराच लांबपर्यंत दिसत होता.

पुढच्या वर्षी मी त्यांना पाठवलेल्या पत्राची नक्कल माझ्याकडं आहे. ती इथं देतो.

चाकण,
एकादशी

ती. मयेकरकाका यांस सोपानचा साष्टांग नमस्कार.

पत्र मोठ्या अक्षरात लिहितो आहे, म्हणजे तुम्हाला स्वतः वाचता येईल.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. निकालानंतर करमाळ्यात माझा सत्कार झाला. मला बोलायला सांगितलं. मी म्हणालो, गरिबीनं मला घडवलं. खूप टाळ्या पडल्या. वडील रडले. तुमचं नाव मी घेतलं नाही, ज्ञानोबाचंही नाही. बोलताना मला त्या दोन काठ्या दिसत होत्या, तरी तेच बोललो, कारण लोकांना तेच ऐकायचं होतं. तीन वर्षं होत आली, ते मला टोचतं आहे.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. रोज दोन कोस चालत येते, पोटात काही नसतं. परवा शाळा बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं हेडमास्तरांनी तिला उभं केलं आणि म्हणाले, बघा, हाल काढले की असं शिकता येतं. मी उठून म्हणालो, हालांनी नाही साहेब, हाल असून. हेडमास्तर रागावले. परीक्षेपर्यंत ती आता आमच्या घरी राहते. माझी बायको तिला दोन्ही वेळा जेवू घालते. पहिले दोन दिवस ती चोरासारखी जेवली. मला हसू आलं आणि मग आलं नाही.

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. मे महिन्यात येतो. बांधावर लावायला जेवढे कांदळ गोळा करता येतील तेवढे करून ठेवा. दोन माझ्या हातानं लावायचे आहेत. ज्ञानोबाही येतो म्हणतो. तुमच्या विहिरीचं पाणी त्याला ओळखायचं आहे.

आता सव्वाआठ वाजले. इथं बाजाराच्या मैदानात कांद्याच्या गाड्या लागल्या आहेत आणि धूळ उडते आहे. तुमच्याकडं पाणी भरलं.

आपला,
सोपान